भिंतीआडून ऐकलेला हिंमतराव

ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून देवीदास बोलेनासा झाला. बोलता येत नव्हतं असं नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने खराब झालेला गालाचा भाग अकोल्याच्या दवाखान्यात काढला, त्याच्याबरोबर जिभेची एक कड गेली. पण उरलेली जीभ चांगली होती. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काका, रोज मोठ्यानं बोलायचं. पेपर वाचा, भजन म्हणा, काकूंशी भांडा, पण बोला. जीभ बसून राहिली तर मग ती उठायची नाही." देवीदासने मान डोलावली होती. घरी आल्यावर फुलांच्या व्यापाऱ्याचा फोन आला, तो त्याने हौसेने उचलला. दोन वाक्यं बोलला असेल नसेल, तोच पलीकडून आवाज आला, "कोन बोलून राहिलं? देवीदासभाऊले द्या ना फोन."

देवीदासने फोन शकुनच्या, म्हणजे बायकोच्या हातात दिला आणि खांद्यावरचा रुमाल तोंडाला लावून मागच्या दाराने शेताकडे निघून गेला. त्या दिवसापासून तो गप्प.

चांदूर रेल्वेच्या बाहेर, नाल्यापलीकडे त्यांचं शेत आणि शेतालगतच घर. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माणसं चांगली होती, पाणी होतं, मुलगी अमरावतीला नोकरीला लागलेली. तसं पाहिलं तर दुखणंही निभावलं होतं. पण घरात आवाज नव्हता. पाणी हवं असलं की देवीदास टाळी वाजवायचा. नको असलं की हात हलवायचा. शेतावर फुलं तोडायला येणाऱ्या बाया आधी त्याच्या गप्पांसाठी सावकाश वाफे संपवायच्या, त्या आता मुकाट तोडून मुकाट जायच्या. शकुनला सगळ्यात जड जायचं ते जेवताना. समोरासमोर बसून दोन माणसं जेवतात आणि फक्त ताटावर भाकरी मोडल्याचा आवाज येतो, हे तिला सहन होत नसे. कारण बाकीच्या बायांनी नवरा पाहून लग्न केलं असेल, तिने ऐकून केलं होतं.

ती गोष्ट अशी. शकुनचं माहेर चांदूर रेल्वेतच, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. वडिलांचं हारफुलांचं दुकान. ती सतरा-अठरा वर्षांची असताना त्यांच्या घराच्या भिंतीला लागून एकाने टिनाचं शेड ठोकलं आणि आत टीव्ही, व्हीसीआर मांडून व्हिडिओ सेंटर सुरू केलं. संध्याकाळी नव्या हिंदी सिनेमाला गर्दी व्हायची. दुपारी मात्र मालक अमरावतीहून अशा कॅसेटा आणायचा ज्या दुसरं कोणी नेत नसे. परदेशातले जुने, स्वस्तातले, तलवारबाजीचे सिनेमे. उघड्या अंगाचे, गुडघ्यापर्यंत पट्टे बांधलेल्या चपला घातलेले पैलवान. रथ, साखळदंड, सिंह, एक वाईट चालीची राणी आणि शेवटी कोसळणारं देऊळ. मारामारी भरपूर, पण बोलणं सगळं इंग्रजीत. बाजाराला आलेली माणसं पंधरा मिनिटं पाहायची आणि मग ओरडायला लागायची, "अबे, हा काय म्हणून राहिला? बंद कर ना भाऊ!"

व्हीसीआर चालवायला मालकाने ठेवलेला पोरगा म्हणजे देवीदास. बाजूच्या खेड्यातला, बाविशीतला, माळ्याच्याच घरचा. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. पण एका दुपारी आरडाओरडा फार वाढला तसा तो उठला, टीव्हीचा आवाज कमी केला आणि बाजूला उभा राहून बोलायला लागला. "आता पाहा मंडळी, हा जो उंच दिसून राहिला ना, हा होय हिंमतराव. गावातला एक नंबरचा पैलवान. आन् हा ढेरीवाला, दाढीवाला, हा रंगराव राजा. यानं हिंमतरावचं वावर दाबलं."

शेडमध्ये जी शांतता झाली ती सिनेमा संपेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच कॅसेटीला पुन्हा येऊ लागले. सिनेमा कोणताही असो, पैलवान हिंमतरावच, राजा रंगरावच आणि राणीचं नाव जहरीबाई.

बाया त्या शेडमध्ये जात नसत. बिड्यांचा धूर, शिट्ट्या, धक्काबुक्की. शकुन तर दारातूनही डोकावली नाही. पण मधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. टिन आणि विटांमध्ये हातभर फट होती. ती दुपारी गजरे ओवायला त्या भिंतीशी बसायची आणि हिंमतराव तिच्या कानात यायचा. त्याला खाणीत टाकलं, सिंहापुढे सोडलं, राणीने दुधातून विष पाजलं. सगळ्यात तिला हिंमतरावची म्हातारी माय आवडायची. लेकाला धरून नेल्यावर ती विहिरीच्या काठी बसून राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायाला विचारते, "बाप्पा, माह्या हिंमतनं भाकर खाल्ली का?" हे वाक्य देवीदास असं म्हणायचा की शेडमधला बिडी ओढणाराही थांबायचा. इकडे शकुनच्या ओंजळीतला मोगरा ओला व्हायचा.

एका दुपारी ऐन रंगात लाइट गेली. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग उकाड्याने हैराण होऊन चहाला निघून गेले. शेड रिकामं झालं. देवीदास वायर गुंडाळत होता, तेवढ्यात टिनाखालच्या फटीतून आवाज आला.

"मंग त्या मायचं काय झालं?"

देवीदास दचकला. "कोन होय?"

"गजरेवाल्याची पोरगी. मायचं काय झालं, ते सांगा ना."

आणि देवीदासने अंधाऱ्या शेडमध्ये एकट्याने उभं राहून भिंतीला सिनेमाचा शेवट सांगितला. साखळदंड तोडून हिंमतराव घरी येतो. म्हातारीला आता दिसत नाही. ती त्याच्या दंडावरून हात फिरवते आणि म्हणते, "वाळला रे."  भिंतीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत घरोघर केबल आली आणि व्हिडिओ सेंटर बसलं. मालक नागपूरला निघून गेला. जाताना म्हणाला, या कॅसेटा तुले ठेव, माह्या काय कामाच्या. देवीदासने खोकं घरी आणून माळ्यावर टाकलं आणि वडिलांच्या वावरात फुलं लावली. घरात व्हीसीआर कधीच आला नाही. शकुनने त्यातला एकही सिनेमा डोळ्यांनी पाहिला नाही, आणि पाहावा असं तिला वाटलंही नाही. तिच्या लेखी तो पाहून झालेला होता.

ते खोकं रागिणीने काढलं. रागिणी ही त्यांची एकुलती मुलगी, अमरावतीला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते. ऑपरेशननंतर बापाला पाहायला एका रविवारी आली होती. मच्छरदाणी शोधायला माळ्यावर चढली आणि धुळीने माखलेलं खोकं घेऊन उतरली.

"बाबा, ह्या त्याच कॅसेटा होय का? हिंमतरावच्या?"

देवीदासने एकदा पाहिलं आणि हाताने खूण केली, फेकून दे.

रागिणीने फेकल्या नाहीत. स्कूटीवर पायाशी खोकं ठेवून ती अमरावतीला घेऊन गेली. राजकमल चौकाकडे एक स्टुडिओवाला लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटा पेनड्राइव्हवर करून देतो, त्याच्याकडे दिल्या. त्याने काही दिवसांनी कळवलं की बहुतेक टेपांना बुरशी लागली आहे. दोन मात्र निघतील, त्याही पडद्यावर मधूनमधून मुंग्या येऊन.

पुढल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रागिणीने टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह खोचला. देवीदास उठून जायला निघाला होता, पण पडद्यावर मुंग्या आल्या, रेघा आल्या, मग तुतारी वाजली, आणि तो पलंगाच्या कडेला बसला. शकुन खाली चटईवर, भिंतीला टेकून.

पडद्यावर एक गडी डोंगरावरून उतरत आला. केस कुरळे, तेल लावून बसवलेले. छाती मोठी, पाय बारीक.

"हा कोन व?" शकुनने विचारलं.

"हाच असन तुहा हिंमतराव," रागिणी म्हणाली.

"हा?" शकुन टीव्हीच्या जवळ सरकली. तिचा हिंमतराव काळासावळा होता, जत्रेतल्या कुस्तीगिरासारखा. "हा तं घाघरी घालून आला बाप्पा!"

पुढे हिंमतरावने एक शिळा उचलून शत्रूवर फेकली. शिळा जमिनीवर पडली आणि चेंडूसारखी दोनदा उसळली. रागिणी हसून लोळली. मग सिंह आला. आधी एक खरा सिंह दिसला, त्याने जांभई दिली. पुढच्या क्षणी हिंमतराव ज्याच्याशी झटत होता ते म्हणजे केसाळ कातडं पांघरलेली गादी होती.

"आई, हे पाहून तू रडत होती?"

शकुनने वर पाहिलं. देवीदास पडद्याकडे पाहत होता आणि त्याच्या वाकड्या झालेल्या ओठावर कसनुसं हसू होतं, चारचौघांत आपली जुनी फाटकी बंडी कोणी दाखवावी तसं. शकुनला ते पाहवलं नाही.

"तू गप बस पोट्टे," ती मुलीला म्हणाली. "याले असं पाहत नाई. आवाज कमी कर त्याचा. मी सांगतो."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. "आता पाहा मंडळी, हा होय हिंमतराव." शब्द तिचे नव्हते, तिलाही ते कळत होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तिच्या कानात चाळीस वर्षं जसंच्या तसं होतं. पलंगावर देवीदासची मान वर झाली.

अडचण एवढीच होती की शकुनने फक्त ऐकलं होतं. कोणतं वाक्य कोणत्या चित्राचं, हे तिला माहीत नव्हतं. ती दुधात विष कालवत होती तेव्हा पडद्यावर रथ पळत होते. देवीदासने पलंगावर थाप मारली. तिने वळून पाहिलं तर त्याने हाताने गोल चाकं दाखवली.

"रथ? रथाचं कुठी होतं? मले काय माहीत, मी का पाह्यलं होतं?" ती म्हणाली आणि पुढे सांगू लागली. "हा हिंमतराव आता राणीच्या महालात आला, आन्..."

थाप. पुन्हा थाप. शकुन थांबेना. पडद्यावर एक दाढीवाला जिन्यावरून उतरत होता आणि शकुन त्याला हिंमतराव, हिंमतराव म्हणत होती. देवीदासने रुमाल तोंडावरून काढला.

"हिंमतलाव नोय तो! लंगलाव होय! लंगलाव!"



"काय म्हणाले बाबा?" रागिणीने हळूच विचारलं.

"तो हिंमतराव नोय म्हणते, रंगराव होय," शकुन पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. मग तिने खाकरून घसा साफ केला. "मलेबी वाटलंच. एवढी ढेरी हिंमतरावची कशी राहीन? मंग जी? रंगराव कुठी चालला?"

देवीदासने सांगितलं. शब्द बोथट येत होते. र चा ल होत होता, ट आणि ड दातामागेच अडकत होते, वाक्याच्या शेवटी लाळ पुसावी लागत होती. रागिणीला अर्धं कळत होतं, शकुनला सगळं. ती त्याचं वाक्य उचलून पुन्हा म्हणायची आणि पुढचं विचारायची. असं अर्धा-पाऊण तास चाललं असेल. मग शेजारच्या दुर्गाबाई विरजण मागायला दारात आल्या आणि म्हणाल्या, "हे कोन बोलून राहिलं व?"

देवीदासने रुमाल तोंडाला लावला आणि मागच्या दाराने निघून गेला.

रागिणी संध्याकाळी अमरावतीला परत गेली. जाताना तिचा चेहरा उतरलेला होता.  रात्री तिने भाकरी थापल्या, देवीदासने टाळी वाजवून पाणी मागितलं. सगळं पुन्हा होतं तिथेच आलं असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी घासून आत आली तर देवीदास टीव्हीसमोर बसला होता, मागचं दार आणि पुढचं दार दोन्ही लावून, रिमोट हातात उलटा धरून. त्याने तो तिच्यापुढे केला. शकुनने कुठलं बटण दाबायचं ते रागिणीला फोन करून विचारलं.

मग रोजचंच झालं. दारं लावायची आणि हिंमतरावला चालू करायचं. शकुन चुकायची, देवीदास दुरुस्त करायचा. हळूहळू तिला सगळं पाठ झालं, तेव्हा ती मुद्दाम चुकू लागली. त्याच्या ते लक्षात आलं असावं, पण तो दुरुस्त करतच राहिला. डॉक्टरीणबाईंनी दिलेले व्यायाम त्याने एकदाही केले नव्हते. इथे मात्र सिंहाची डरकाळी पाच-पाच वेळा काढायचा. एकदा शकुन शेवंतीला पाणी द्यायला गेली असताना वाफ्यापलीकडून तिला पुटपुट ऐकू आली. देवीदास खुरपत होता आणि स्वतःशीच घोकत होता, "हिंमतलाव. हिंमतर्लाव. हिंमतराव." शकुन पाय न वाजवता मागे फिरली.

एका दुपारी सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "एक विचारू का जी? माय कुठी आहे?"

"कोनाची?"

"हिंमतरावची. विहिरीवरची. मी तं केव्हाची वाट पाहून राहिली. दोन्ही सिनेमात नाई."

देवीदासने रिमोट मागितला. आता त्याला तो चालवता येत होता. त्याने सिनेमा मागे मागे नेला आणि एका जागी थांबवला. शिपाई गावातून जात असतात आणि कोपऱ्यात, विहिरीजवळ, काळं वस्त्र घेतलेली एक म्हातारी बसलेली असते. घोडे पुढून जातात आणि ती दिसेनाशी होते. बस, एवढीच. ती कोणाची माय नव्हती. तिने तोंडही उघडलं नव्हतं.

"हे?" शकुन पाहतच राहिली. "मंग भाकर खाल्ली का म्हणून कोन पुसत होतं? आंधळी कोन झाली? तुमी तं अर्धा सिनेमा तिचाच सांगत होते!"

 थांबत थांबत, लाळ पुसत देवीदासने सांगितलं. पहिल्या दिवशी म्हातारी त्याने सहज जोडली होती, दोन शब्दांपुरती. पण भिंतीपलीकडे, शकुनच्या बापाच्या घरात, तेव्हा रेडिओ चालू असायचा. म्हातारी आली की पलीकडला रेडिओ बंद व्हायचा. एकदा झाला, दोनदा झाला. मग तो रोज पाहू लागला. म्हातारी गेली की थोड्या वेळाने रेडिओ पुन्हा लागायचा.

"मंग मी तिले जाऊच देत नव्हतो," देवीदास म्हणाला.

शकुनने पदर तोंडाशी नेला. तिला आठवलं की रेडिओचा कान पिळायला ती स्वतः उठायची आणि आई ओरडायची, गाणं चांगलं लागलं तं बंद काहून करतं व? तिला वाटायचं आपण चोरून ऐकतो, कोणाला काय कळतं. एवढ्या वर्षांत त्याने हे सांगितलं नव्हतं. बडबड करणाऱ्या माणसाच्या पोटातही एखादी गोष्ट राहून जाते, याचं तिला नवल वाटलं. ती उठली, चहा ठेवला, आणि चहा उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

दारं उघडी टाकली ती त्यानंतर. शकुनने नाही, देवीदासनेच. ऊन फार झालं होतं आणि फुलं तोडणाऱ्या करिश्मा आणि दामिनी पाणी प्यायला ओसरीवर आल्या होत्या. आत सिनेमा चालू होता. त्या उंबऱ्यातच बसल्या. त्यांच्यामागे दुर्गाबाई आल्या. शकुनला वाटलं, आता हा उठतो. देवीदासचा हात रुमालाकडे गेलाही. मग त्याने घाम पुसला आणि रुमाल मांडीवर ठेवला.

"आता पाहा मंडळी," तो म्हणाला.

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. करिश्माने ओठ दाबून हसू आवरलं. देवीदासने सिंहाची डरकाळी काढली तेव्हा मात्र तिला आवरेना, ती हसली, आणि तिच्या मागोमाग देवीदासही हसला, वाकड्या तोंडाने. दुर्गाबाई गंभीर चेहऱ्याने ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "भाऊ, तुमचं मले निम्मं समजते, निम्मं नाई. पन हा टीव्हीतला बोलते ते तं काहीच समजत नाई. तुमीच सांगा."

म्हातारी विहिरीशी आली तशी देवीदासने सिनेमा तिथेच थांबवला आणि ती काय म्हणते ते सांगितलं. भाकर या शब्दाला त्याची जीभ दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा तो नीट आला. दामिनीने ओढणीने डोळे पुसले. शकुन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मध्ये एकही शब्द घातला नाही, गरज नव्हती.

जीभ पूर्वीसारखी झाली नाही. तपासणीला अकोल्याला गेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडी बोबडी राहील, पण काका, तुम्ही चांगली मेहनत घेतलीत. देवीदास त्यांना सगळा सिनेमा सांगायच्या बेतात होता. बाहेर रांग होती म्हणून शकुनने त्याला ओढत आणलं. आता फोन त्याचा तोच घेतो. ऐकणाऱ्याला कळलं नाही की पुन्हा म्हणतो, तरी नाही कळलं की रागावतो.

परवा रागिणी आली ती एक नवा पेनड्राइव्ह घेऊन. स्टुडिओवाल्याकडे कोणीतरी टाकून गेलेली कॅसेट होती, तसलीच, तलवारीची. त्याने आठवणीने ठेवली होती. दुपारी सगळे बसले. तुतारी वाजली. समुद्र दिसला, एक मोडकं जहाज दिसलं आणि जहाजातून दोन उघडेबंब पैलवान वाळूवर उतरले. हा सिनेमा देवीदासनेही कधी पाहिलेला नव्हता.

"यातला हिंमतराव कोनता?" शकुनने विचारलं.

देवीदासने गालाच्या व्रणावरून बोट फिरवलं. दोघा पैलवानांकडे नीट पाहिलं. एकाने वाळूत बसून पायातली चप्पल काढून झटकली.

"थांब," तो म्हणाला. "पाहू दे."

"लवकर सांगा ना जी, तो चालला!"

"दोघंबी नोय," देवीदास म्हणाला. "हे दोघं भाऊ होय. धाकट्याचं नाव..."

"चंद्रभान," शकुन म्हणाली.

देवीदासने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढे सांगायला लागला.